मंगळवेढ्याचे चोखोबा

सांगली संस्थानचा जुना नकाशा पाहिला तर एक तालुका बाकीच्या मुलखापासून तुटून दूर उत्तरेला पडलेला दिसतो. तो मंगळवेढा. पटवर्धनांच्या अमलातला हा तालुका १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर सोलापूर जिल्ह्यात गेला. आज ज्वारीसाठी नाव काढलेले हे गाव आपण सोलापूरचे म्हणून ओळखतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला मात्र ते सांगलीचेच होते. जतच्या आणि सांगोल्याच्या वाटेने तिथे नित्याचे जाणे-येणे होते, सोयरिकी होत्या, बाजारहाट होता. या गावात सातशे वर्षांपूर्वी एक महार कुटुंब राहत होते. त्या कुटुंबातल्या पाच माणसांची रचना आजही मराठीत गायिली जाते. कुटुंबप्रमुखाचे नाव चोखामेळा.

बौद्ध संस्थेने चालविलेल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत एका वारकरी संताचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही पालक आणि माजी विद्यार्थी विचारतील. प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. परंतु आधी चरित्र पाहू, कारण आपल्यापैकी पुष्कळांना चोखोबांचे नाव ठाऊक असते आणि आयुष्य ठाऊक नसते.

मंगळवेढे हे सामान्य खेडे नव्हते. बाराव्या शतकात कलचुरींची सत्ता इथून चालत असे. महात्मा बसवेश्वर कल्याणला जाण्याआधी इथेच राजसेवेत होते. पुढे कल्याणात त्यांच्या शरणांनी चर्मकार हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लावला. त्याची शिक्षा म्हणून दोन्ही व्याह्यांना देहदंड झाला आणि ती सारी चळवळ उधळली गेली. चोखोबा जन्मले ते या घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी. ज्या गावाने समतेचा एवढा मोठा प्रयोग करणारा पुरुष पाहिला होता, त्याच गावाच्या महारवाड्यात त्यांचे आयुष्य गेले. हा महारवाडा गावकुसाबाहेरच राहिला होता.

जन्मगावाबद्दल परंपरा विदर्भाकडे बोट दाखविते. बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजाजवळचे मेहुणा राजा हे त्यांचे जन्मस्थान मानले जाते आणि आज तिथे त्यांचे स्मरण केले जाते. नावाची कथाही परंपरेनेच दिली आहे. आईने देवाला दिलेला आंबा देवाने चोखला, म्हणून मुलाचे नाव चोखा पडले, असे ती सांगते. चोखा या शब्दाचा दुसरा अर्थ शुद्ध, अस्सल. सोनाराच्या दुकानात तो आजही त्याच अर्थाने चालतो. ज्याला समाजाने अशुद्ध ठरविले त्याचे नावच शुद्ध असावे, ही गोष्ट आम्हाला आंब्याच्या कथेपेक्षा अधिक विचार करायला लावते.

महाराचे काम काय होते, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. गावची शीव राखायची, पाटलाचा निरोप परगावी पोहोचवायचा, सरकारी पाहुण्याचे ओझे वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे, मयताची वर्दी गावोगाव द्यायची, तट-कुसाचे काम निघाले की वेठीला जायचे. मोबदल्यात बलुते आणि शिळे अन्न. ज्यांना हे जीवन फार जुने वाटते त्यांनी आटपाडीच्या शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ वाचावे. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथे विसाव्या शतकात तराळकी करणाऱ्या आपल्या वडिलांना विहिरीतले प्रेत काढण्यासाठी पोलिसांनी कसे आत उतरविले, ते खरातांनी लिहून ठेवले आहे. यादवकाळातला चोखोबा आणि औंध संस्थानातला तो तराळ यांच्यामध्ये सहाशे वर्षे आहेत. कामाची यादी फारशी बदललेली नाही.

या जगण्यातून चोखोबा पंढरपूरकडे ओढले गेले. मंगळवेढ्याहून पंढरपूर वीस-पंचवीस किलोमीटर, एका दिवसाच्या पायी चालीचे. तिथे त्यांना नामदेव भेटले. नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. जातीने शिंपी. त्यांच्याभोवती माणसे जमली होती ती वेगवेगळ्या पेशांची: तेरचे गोरोबा कुंभार, अरणचे सावतोबा माळी, नरहरी सोनार, दासी म्हणून घरात वावरणारी जनाबाई. संस्कृत न जाणणाऱ्या या मंडळींनी मराठीत गायला सुरुवात केली आणि त्यांच्यापैकी कोणालाही गाण्यासाठी पुरोहिताची परवानगी लागली नाही. चोखोबांनी नामदेवांना गुरू मानले. परंपरा सांगते की त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले. अक्षरओळख नाकारलेल्या माणसाचे शब्द अक्षर येणाऱ्याने उतरवून घेतले, हे त्या काळात घडू शकले ते या मंडळीतच.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. नामदेव, गोरोबा, सावतोबा यांना देवळात जाता येत होते. चोखोबांना येत नव्हते. कीर्तन वाळवंटात होई तोवर सगळे एका रांगेत उभे राहत; कीर्तन संपून मंडळी देवळाकडे वळली की रांग तुटे. वाळवंटातली समता आणि महाद्वारातली विषमता एकाच संध्याकाळी, एकाच मेळ्यात नांदत होती. संतचळवळीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही इथे दिसतात आणि चोखोबा नेमके त्या रेषेवर उभे आहेत.

त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यातले बरेचसे विठ्ठलाच्या भेटीच्या आनंदाचे आणि ओढीचे आहेत. ते कोणत्याही वारकऱ्याचे असू शकले असते. काही मात्र दुसऱ्या कोणालाच लिहिता आले नसते. बाहेरच्या रूपाचा आतल्या गुणाशी काय संबंध, हा प्रश्न त्यांनी शेतशिवारातल्या साध्या दाखल्यांनी विचारला आहे. विटाळाची मुळे शोधता शोधता ते सगळ्या देहांच्या उत्पत्तीपर्यंत जातात आणि सोवळा कोणी उरतच नाही, असे दाखवितात. जोहार घालून बोलणारे त्यांचे अभंग वेगळेच आहेत. जोहार हे महाराने वरच्या जातीपुढे करायचे अभिवादन. गावच्या महाराने पाटलापुढे हिशेब मांडावा तसा त्यांनी तो देवापुढे मांडला. पुढे सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी हाच साचा उचलला आणि महाराच्या तोंडून बोलणारी भारुडे रचली. आपल्या समाजाने विसाव्या शतकात जोहार टाकला आणि जयभीम स्वीकारला. पण त्या टाकलेल्या शब्दातून एका माणसाने एकेकाळी काय करून दाखविले होते, हे ठाऊक असायला हरकत नाही.

चोखोबा एकटे नव्हते, ही आम्हाला त्यांच्या चरित्रातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, निर्मळेचा नवरा बंका (तो सोयराबाईचा भाऊही होता असे मानतात) आणि मुलगा कर्ममेळा, असे सारे घर अभंग रचत होते. एकाच महार घरातले पाच कवी, त्यांपैकी दोन स्त्रिया, ही चौदाव्या शतकातील गोष्ट आहे. जगातल्या कोणत्याही भाषेने अभिमानाने सांगावी अशी ती आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत ती क्वचितच सापडते.

सोयराबाईंचे साठांहून अधिक अभंग उपलब्ध आहेत. त्यात घरातले दारिद्र्य आहे, वाट पाहणे आहे, आणि विटाळाविषयीचा एक युक्तिवाद आहे जो चोखोबांच्याही पुढे जातो. देह आहे तिथे विटाळ आहेच. मग विटाळावाचून जन्मलेला देह कोणाचा, असे ती विचारते. बाईच्या अंगाशी जोडलेला विटाळ आणि जातीला चिकटविलेला विटाळ हे दोन्ही तिने सोसले होते. म्हणून तिचा प्रश्न पोथीतला राहत नाही. बाळंतपणाच्या वेळी चोखोबा घरी नव्हते, तेव्हा देवच निर्मळेचे रूप घेऊन आला आणि त्याने बाळंतपण केले, अशी कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी तिच्यामागचे घर दिसते. नवरा पंढरीत, घरात दाणा नाही, सुईणीला द्यायला काही नाही, आणि नणंद दूरच्या गावी.

चोखोबांभोवती अशा कथांचे दाट जाळे आहे. बहुतेक कथा ताहराबादच्या महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ या ग्रंथामुळे घराघरांत पोहोचल्या. त्यातल्या दोन सांगतो.

पहिली कथा देवळाची. एका रात्री विठ्ठलानेच चोखोबांचा हात धरून त्यांना गाभाऱ्यात नेले. सकाळी देवाच्या गळ्यातला हार चोखोबांच्या गळ्यात सापडला. चोरीचा आळ आला. विटाळाच्या गुन्ह्याबद्दल त्यांना चंद्रभागेपलीकडे राहण्याचे फर्मान निघाले. पलीकडच्या तीरावर त्यांनी दीपमाळ उभारली आणि तिथून देवळाच्या शिखराकडे पाहत ते राहू लागले. दुसरी कथा त्या तीरावरची. देव नदी ओलांडून चोखोबांकडे जेवायला आला. सोयराबाई वाढत असताना दही सांडले आणि देवाचा पीतांबर माखला. चोखोबा देवाशी बोलत होते ते वाटेने जाणाऱ्या एका ब्राह्मणाला आपल्याला उद्देशून बोलल्यासारखे वाटले. त्याने चोखोबांच्या गालात मारली. देवळात परतून पाहतो तर मूर्तीचा गाल सुजलेला. याच मालिकेत पुढे चोखोबांना बैलांच्या पायी देण्याचा प्रसंग येतो. बैल जागचे हलत नाहीत, कारण देव त्यांची शिंगे धरून उभा आहे.

लहानपणी या गोष्टी ऐकताना आपण देवाच्या बाजूने टाळ्या वाजवितो. मोठेपणी वाचल्या की दुसरेच काही दिसू लागते. प्रत्येक कथेत देव नियम मोडतो, पुजारी चकित होतात, चोखोबांचा मोठेपणा मान्य होतो आणि दुसऱ्या दिवशी नियम जिथल्या तिथे असतो. देव बाहेर येतो. चोखोबा आत जात नाहीत. चमत्काराने एका माणसाची सुटका होते आणि व्यवस्था सुरक्षित राहते. कथाकाराला हे बहुधा जाणवले नसावे, पण कथा ज्या समाजात सांगितल्या जात होत्या त्याचे चित्र त्यात उमटले आहे. दहिभाताच्या पंगतीवर एवढ्या कथा का रचाव्या लागल्या, याचे उत्तरही सोपे आहे. कोण कोणाच्या पंक्तीला बसतो, हाच जातीचा खरा दरवाजा होता. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालू केले तेव्हा त्यांनाही आधी हाच दरवाजा उघडावा लागला: एक स्वयंपाकघर, एक पंगत.

चोखोबांच्या मृत्यूभोवती मात्र चमत्कार फारसा नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम निघाले. गावोगावचे महार वेठीला बोलाविले गेले. त्यात चोखोबाही होते. ज्या भिंतीने त्यांना आयुष्यभर गावाबाहेर ठेवले होते तीच भिंत ते बांधत होते. ती अंगावर कोसळली आणि मजूर ढिगाऱ्याखाली गाडले गेले. ही गोष्ट शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ मधली, वैशाख वद्य पंचमीची मानतात. वार्ता कळल्यावर नामदेव पंढरपूरहून आले. ढिगाऱ्यातल्या कोणत्या अस्थी चोखोबांच्या, हे त्यांनी विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकून ओळखले, अशी श्रद्धा आहे. त्या अस्थी पंढरपुरी नेऊन नामदेवांनी महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. त्या वेठीवर चोखोबांबरोबर जे मेले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणी जपले नाही. आम्हाला ते अनामिक मजूर चोखोबांइतकेच आठवतात.

समाधी झाली तरी वाद संपला नाही. पेशवाईत, अठराव्या शतकाच्या शेवटाकडे, पंढरपूरच्या ब्राह्मणांनी तक्रार केली की चोखामेळ्याच्या दगडाशी अस्पृश्य दर्शनाला गर्दी करतात, जागा अरुंद आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विटाळ होतो. सरकारने अस्पृश्यांना त्या जागेपासून दूर, दीपमाळेकडून किंवा महारवाड्याच्या बाजूने दर्शन घेण्याचा हुकूम दिला. म्हणजे महिपतीने चोखोबांचे चमत्कार ज्या पिढीला ऐकविले, साधारण त्याच पिढीत चोखोबांच्या जातभाईंना त्यांच्याच समाधीवरून हटविण्यात आले. कथा आणि हुकूम एकाच गावात, एकाच काळात चालत होते.

चोखोबांच्या काळात दख्खनमध्ये आणखी एक प्रवाह शिरला होता, त्याचाही विचार इथे करायला हवा. यादवांचे राज्य संपले होते. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून तिथे राजधानी हलविली. त्या सुमारास दिल्लीहून आलेले चिश्ती सूफी खुलदाबादेत राहिले. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ साली, म्हणजे चोखोबांच्या एकच वर्ष आधी वारले. चिश्तींच्या खानकाहीत लंगर चाले आणि भुकेल्याला त्याची जात किंवा धर्म विचारण्याची रीत नव्हती. पुढच्या शतकांत गुलबर्ग्याला बंदेनवाज आणि आपल्या मिरजेला मीरासाहेब ही लोकांची दैवते झाली. मिरजेच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मानाचे पहिले स्थान आहे, हे आपल्या भागातल्या कोणाला सांगायला नको. ज्या समाजाला देवळाच्या पायरीशी थांबविले जाई, त्याच्या हातची चादर दर्ग्यावर आधी चढते. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातले नवल आता कोणाला जाणवत नाही.

सूफी आणि वारकरी यांच्या देवाणघेवाणीचे सर्वांत ठळक उदाहरण श्रीगोंद्याचे शेख महंमद. कादरी परंपरेतला हा मुसलमान मराठीत ‘योगसंग्राम’ लिहितो, स्वतःला अविंध म्हणवतो आणि वारकऱ्यांच्या संतमालिकेत मान मिळवतो. उत्तरेत काशीचा विणकर कबीर दोन्ही धर्मांच्या पुरोहितांना एकाच मापाने मोजतो. तरी मशिदीच्या रांगेत खांद्याला खांदा लागतो एवढ्यावरून मुसलमान समाजात उच्चनीच नव्हते असे मानणे भाबडेपणाचे होईल. बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयक ग्रंथात शिरगणतीच्या अहवालातून दाखवून दिले आहे की अरजल म्हटल्या जाणाऱ्या मुसलमान जातींना इतर मुसलमान जवळ करीत नसत आणि मशिदीतही येऊ देत नसत. संत आणि सूफी यांनी माणसांना जवळ आणले. त्यांच्या अनुयायांनी जाती मात्र बरोबर ठेवल्या. दोन्हीकडे हेच झाले.

मंगळवेढ्यापुरते बोलायचे तर आणखी एक कथा याच विषयाची आहे. पंधराव्या शतकात, बिदरच्या बहामनी अमलात, दामाजीपंत नावाचे अधिकारी इथे होते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे उघडून लोकांना धान्य दिले. बादशहाने जाब विचारला तेव्हा विठ्ठलच महाराच्या वेषात बिदरला गेला आणि धान्याची रक्कम भरून आला, असे लोक सांगतात. देवाला ब्राह्मणाच्या मदतीला जाताना महाराचे रूप घ्यावेसे वाटते, बादशहाच्या दरबारात त्या महाराला मान मिळतो, आणि तोच महार खऱ्या अर्थाने महार असता तर देवळात त्याला प्रवेश मिळाला नसता! दामाजींच्या गावाने ही विसंगती शतकानुशतके भक्तिभावाने गायिली.

आता त्या प्रश्नाकडे वळतो. चोखोबांच्या काही अभंगांत आपला हीन जन्म हे पूर्वजन्मीच्या दोषाचे फळ आहे असा सूर आहे. तो लपविण्यात अर्थ नाही. जन्माने मिळालेली जागा पूर्वकर्माने मिळाली असे एकदा मानले की अन्याय करणारा मोकळा होतो आणि सोसणारा गुन्हेगार ठरतो. तथागतांच्या धम्मात याला थारा नाही. उपाली न्हाव्याला त्यांनी शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, म्हणजे राजपुत्रांना त्याला वंदन करणे भाग पडले. झाडूवाला सुनीत रस्त्यातून थेट संघात आला. त्याला पायरीवर थांबावे लागले नाही. आपल्या समाजाने १९५६ नंतर चोखोबांपासून अंतर राखले त्यामागे हे कारण आहे आणि ते कारण खोटे नाही.

परंतु त्याच घरात कर्ममेळाही वाढला. त्याचे अभंग थोडे, पंचवीस-सत्तावीस. बापाची समजूत मुलाने स्वीकारली नाही. आम्हाला हीन केलेस ते तू केलेस, असे तो देवाला सरळ सांगतो. उष्टे खाऊन जगायला लावतोस याची तुला लाज वाटत नाही का, अशा अर्थाचे तो विचारतो. देवावरचा विश्वास त्याने सोडलेला नाही, पण दोष आपल्या पूर्वजन्माकडून काढून त्याने तो देणाऱ्याच्या पदरी टाकला. एका पिढीत एवढे अंतर पडले. चोखोबांना केवळ शरणागत म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हे पाहायला हवे की असा मुलगा असल्याच घरात घडतो, जिथे निदान प्रश्न विचारायला बंदी नव्हती.

बाबासाहेबांचे चोखोबांशी नाते याच दुहेरी धाग्याचे होते. सुभेदार रामजी कबीरपंथी. साताऱ्यातल्या त्यांच्या घरी सकाळ-संध्याकाळ मुलांना बसवून संतांची पदे आणि अभंग म्हटले जात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत नाव दाखल झालेला भीवा वर्गात गोणपाटावर बसे आणि घरी संतवाणी ऐके. पुढे १९२८ च्या सुमारास त्र्यंबकेश्वरी चोखामेळ्याचे देऊळ बांधण्याचा विचार महार मंडळींत निघाला तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला नाही. त्या शक्तीने अस्पृश्यतेचा डाग पुसणे हेच चोखोबांचे स्मारक होईल, अशी त्यांची भूमिका होती. १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि देवळांचा प्रश्न त्यांच्यापुरता संपला. पंढरपूरचे मंदिर उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींनी मे महिन्यात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केल्यानंतर. चोखोबांच्या मृत्यूला तेव्हा सहाशे नऊ वर्षे झाली होती.

आणि पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, बाबासाहेबांचा अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी तीन संतांना अर्पण केला: तमिळ देशीचे नंदनार, काशीचे रविदास आणि मंगळवेढ्याचे चोखामेळा. तिघेही अस्पृश्य जातींत जन्मलेले, तिघांची भाषा वेगळी, शतके वेगळी. नंदनारांना चिदंबरमच्या देवळात जाण्यासाठी अग्नीतून जावे लागले असे त्यांची कथा सांगते. चोखोबांवर भिंत पडली. देवळांची आशा सोडलेल्या, धर्मांतराचा निश्चय केलेल्या आणि देशाच्या घटनेचा मसुदा करीत असलेल्या पुरुषाने आपल्या संशोधनाच्या पहिल्या पानावर ही नावे घातली. त्यांचा मार्ग त्याला मान्य नव्हता. त्यांचे मोठेपण मान्य होते. आमच्या मते बौद्ध वाचकाने चोखोबांकडे पाहण्याचा यापेक्षा नेमका मार्ग दुसरा नाही. ते आपले गुरू नाहीत. ते आपले पूर्वज आहेत, आणि पूर्वजाशी मतभेद असला म्हणून कोणी त्याचे नाव वंशावळीतून खोडत नाही.

आपल्या शाळेच्या सहली पंढरपूर-सोलापूरच्या बाजूने जातात तेव्हा मिरजेहून निघणारा रस्ता सांगोल्यावरून मंगळवेढ्यातूनच जातो. तिथे अर्धा तास थांबता येईल. पंढरपुरात महाद्वारासमोरची समाधी मुलांना दाखविता येईल आणि मग त्याच गावातली दुसरी वास्तू. गाडगेबाबांनी पंढरीला येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांसाठी एक धर्मशाळा बांधली होती. या वारकऱ्यांना गावात कोणी ओसरीवरही टेकू देत नसे. धर्मशाळेला त्यांनी चोखामेळ्याचे नाव दिले. पुढे गाडगेबाबांनी ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या मुक्कामाची ती जागा विद्यार्थ्यांचे वसतिगृह व्हावी, हा त्यामागचा हेतू होता.